आदल्या दिवशीची आंघोळ

।। श्री ।।

लालबाग, मुंबई
१८ जानेवारी २०२४

ती. सौ. कौसल्याआक्कास,
धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, कुळीथ आणि कोकमंही पोचली. तू लिहितेस की कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून ते डब्यात घालून ठेवलं आहेस, आणि फोनवर माझा आवाज घागरीतून आल्यासारखा येतो. आक्का, खरं सांगू का, मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. तुझ्या कानांमुळे मला पत्र लिहायला मिळतं. ललिता म्हणते की बायकोला कधी इतकं लिहिलं नाहीत. मी तिला सांगितलं की तुला ऐकू येतं, तुला कशाला लिहायचं. त्यावर तिने चहात साखर कमी घातली.

माझी हॉस्पिटलातली ड्यूटी सध्या सकाळची आहे. संध्याकाळी देवळात टेकायला वेळ मिळतो. दगडूकाका ब्याऐंशीचे झाले, पण तीन मजले अजून स्वतः चढतात. मध्ये थांबतात, आणि थांबले आहेत हे कळू नये म्हणून कोणाच्या तरी दारात चौकशी करतात. त्यामुळे चाळीत सर्वांचं बरंवाईट त्यांनाच आधी ठाऊक असतं.

आता बातमी. आपल्या चाळीवर सिनेमा होतो आहे. म्हणजे खालच्या कापडदुकानातल्या शेठच्या खुनावर. मेघना नावाची एक मुलगी महिनाभर आपल्या खोलीत येऊन बसते. कथा तिनेच लिहिली आहे. जुनी वर्तमानपत्रं, कोर्टातले कागद, सगळं तिने वाचलं आहे. तिने मला सांगितली तशीच कथा तुला लिहितो. आपण ती घरातून पाहिली, ती बाहेरून पाहते, आणि बाहेरून ती फार वेगळी दिसते.

साल नव्वद, माघ महिना. तिसऱ्या मजल्यावर लग्नघर, उद्या मुलीचं लग्न. नवरीचा चुलता दुपारी खाली शेठच्या दुकानात जातो. थोड्या वेळाने वर येतो, कोणाशी बोलत नाही. गॅलरीच्या टोकाला नळ आहे, त्याच्या फळीच्या आडोशाला जाऊन आंघोळ करतो आणि अंगावरचे कपडे धुऊन वाळत घालतो. दिवेलागणीला दुकानामागच्या गोदामात शेठचं प्रेत सापडतं. त्यांना शेवटचा भेटला तो हा चुलता. पोलीस विचारतात की दुकानात कशाला गेला होतास, तर म्हणतो, सहज. थंडीच्या दिवसांत भरदुपारी आंघोळ कशाला केलीस, तर म्हणतो, उकडत होतं. पोलीस त्याला चौकीत नेतात आणि दुसऱ्या दिवशी पुतणीचं लग्न त्याच्यावाचून लागतं.

सिनेमात नाव बदललं आहे, पण आपल्या लालबागेत दगडूकाकांना कोण ओळखणार नाही?

शेठचा भागीदारच खुनी निघाला, सुरतेला सापडला, कबूल झाला, ते सिनेमात आहेच. पण मेघना म्हणते की प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागायचा तर त्याला शेवटपर्यंत चुलत्याचा संशय यायला हवा. येऊ दे म्हटलं. पण खुनी सापडल्यावरही सिनेमा काकांच्या चेहऱ्यावर येऊन संपतो आणि त्या आंघोळीचा उलगडा होत नाही. म्हणजे लोक घरी जाताना म्हणणार, म्हातारा भागीदाराला सामील होता, सुटला एवढंच. मी मेघनाला म्हटलं की हे बरं नव्हे. ती म्हणाली की दादा, मग कारण सांगा, मी कारण लिहिते. चौतीस वर्षांत त्यांनी कोणाला कारण दिलेलं नाही, माझ्या मनाने कसं घालू? तिचंही खोटं नाही.

काका मात्र खुशीत आहेत. त्यांना बसायला कापडी खुर्ची दिली आहे आणि ते तीवर बसून जगाला हुकूम सोडतात. मेघनाने काल पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाले की उकडत होतं.

भावोजींना नमस्कार, प्रितीला आशीर्वाद. तुझी माया आहे तोवर मुंबईत मला काही कमी नाही.

तुझा,
रामदास


।। श्री ।।

कोंडवाडी, ता. राजापूर
२६ जानेवारी २०२४

चि. रामदास यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. तुला काय जातं रे लिहायला, येऊ दे संशय! तू तेव्हा दहावीतला, गावाहून लग्नापुरता मुंबईला आलेला, लाडू खाऊन झोपलास. सासरी मी गेले. सासूबाई देवाघरी गेल्या, त्यांना वाईट म्हणत नाही, पण भाकरी करपली की म्हणायच्या, चौकीतल्या चुलत्याची पुतणी, तिला काय येणार. आमटी आळणी झाली तरी चौकी, गाय आटली तरी चौकी. ते आता कुठे लोक विसरले. पुन्हा मोठ्या पडद्यावर काढणार, आणि उद्या प्रितीच्या सासरी मोबाइलवर बघत बसतील.

आणि एक गोष्ट तुला आजवर सांगितली नाही, ती सांगते. काकांनी खून केला असेल असं माझ्या मनात स्वप्नातही आलं नाही. पण त्या दिवशी मला हळद लागत होती. काका ओल्या केसांनी दारावरून जात होते. मी हाक मारली आणि हळदीचं बोट त्यांच्या हाताला लावायला गेले, तर त्यांनी असा हात मागे घेतला की जशी मी इंगळीच. आणि गेले. ज्यांच्या खांद्यावर बसून मी लालबागचे गणपती बघितले त्यांनी. चौकीचं मी सोसलं रे, पण तो मागे घेतलेला हात नाही सोसला. माझ्या लग्नात त्यांना काहीतरी खुपत होतं, असं मला अजून वाटतं. हे म्हणतात की जावई पसंत नसेल, दुसरं काय. ह्यांना सगळ्यात थट्टा सुचते.

तेव्हा तू काय कर, एक तर त्यांना समोर बसवून खरं ते विचार, नाही तर त्या मुलीला सांग की आमचं माणूस सोड आणि दुसऱ्या कोणाचा तरी सिनेमा काढ. माणूस ब्याऐंशी वर्षं सरळ चालला आणि मरताना लोकांच्या मनात वाकडा राहिला, असं मला चालायचं नाही.

इकडे बरं आहे. आंब्याला मोहोर चांगला आहे, वानर मात्र सरकारी पाहुण्यांसारखे येतात. पलीकडचे शामरावदादा यंदा थोरल्या रखमाआजीचं श्राद्ध जरा मोठं घालायचं म्हणतात. काका येणार का ते विचार, त्यांची सख्खी चुलती होती. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीच गेली बघ बिचारी. ह्यांच्याकडचं वऱ्हाड आधीच मुंबईला निघालेलं, आणि तिकडे कार्ड पोचेपर्यंत मी सासरी नांदायलाही लागले होते. आई नेहमी म्हणायची, देवाने टपाल उशिरा आणलं म्हणून कौसूचं लग्न लागलं, नाही तर सुतक आलं असतं आणि मुहूर्त गेला असता.

ललिताला म्हणावं साखर आणखी कमी घाल. जपून राहा, आणि आक्का रागावते म्हणून लिहायचं थांबू नकोस.

तुझी,
आक्का


।। श्री ।।

लालबाग, मुंबई
१२ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. आक्कास,
रामदासचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

तुझ्या रागाचं पत्र मिळालं. ते मी काकांना वाचून दाखवलं नाही. हळदीचं तर नाहीच.

आपल्याकडे शूटिंग चालू झालं. लोकांच्या खिडक्यांतले एसी गोणपाटाने झाकले, छपरावरच्या तबकड्या उतरवल्या, आणि गॅलरीत नव्वद सालचे कपडे घातलेली माणसं उभी केली. पहाटे दूध आणायला निघालो तर जिन्यात मिलच्या पाळीवरून आल्यासारखा डबा घेतलेला एक माणूस दिसला आणि मला क्षणभर आपले बाबाच वाटले. हात जोडणार होतो, इतक्यात त्याने मला विचारलं की नाश्त्याची गाडी कुठे लागली आहे.

शेठचं दुकान पुन्हा होतं तसं उभं केलं आहे. गल्ल्याशेजारी काळा टेलिफोनसुद्धा ठेवला आहे. चाळीला तो एकच फोन होता. काका त्या दुकानासमोर बराच वेळ उभे राहिले. मग शेठच्या रिकाम्या गादीला त्यांनी नमस्कार केला.

त्यांचं काम करणारा विनीत नावाचा नट आहे. चांगल्या घरचा, नम्र मुलगा. काकांजवळ बसून त्यांचं चालणं, पान लावणं, देवापुढे बसणं, सगळं शिकून घेतलं. काका त्याला म्हणाले की सगळं जमलं, फक्त पोट आत घे, मी तेव्हा गिरणीत होतो.

काल आंघोळीचा प्रसंग होता. विनीतने आडोशाला जाऊन सदरा काढला, दगडावर आपटला, साबण लावून खसाखसा चोळला आणि मध्ये मध्ये चोरासारखा मागे पाहत राहिला. दिग्दर्शकाला फार आवडलं. तेवढ्यात काका खुर्चीवरून उठले आणि चालत्या कॅमेऱ्यासमोर गेले. म्हणाले की हे साफ चूक आहे. सदरा काढायचा नाही. साबणाला हात लावायचा नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी बसायचं आणि पाणी आधी डोक्यावर घ्यायचं. कपडे मग सोडायचे. आणि मागे कशाला बघतोस, अशा आंघोळीला माणूस कोणाकडे बघत नसतो.

मेघनाने विचारलं की काका, असं का पण? ते थबकले. काहीतरी निसटलं हे त्यांच्या तोंडावर मला दिसलं. मग म्हणाले की फार उकडत असलं म्हणजे असंच करतात. सगळं युनिट हसलं. ही शहरातली मुलं, त्यांना हसूच येणार. मला आलं नाही.

घरी आल्यावर मी विचारलं. ललिता भाजी आणायला गेली होती, आम्ही दोघेच होतो. ते बोलले. सगळं बोलले. पण बोलण्याआधी त्यांनी माझा हात देव्हाऱ्यावर ठेवून वचन घेतलं की मी जे सांगेन ते कौसल्येला कळवायचं नाही. मी वचन दिलं आहे, तेव्हा त्यांनी काय सांगितलं ते मी तुला लिहीत नाही.

शूटिंगमध्ये काय झालं ते लिहू नकोस, असं मात्र ते म्हणाले नव्हते. म्हणून तेवढं लिहिलं.

मेघनाला मी काहीच सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला शेवटचे प्रसंग घेतील, मग बदल होणार नाही म्हणतात. रोज देवाला सांगतो की आता तूच काय ते बघ.

काकांनी श्राद्धाला येत नाही म्हणून सांगितलं. शामरावदादांचं नाव काढल्यावर त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. उलटा.

कमी लिहिलं म्हणून प्रेम कमी समजू नकोस.

तुझा,
रामदास


।। श्री ।।

कोंडवाडी
२० फेब्रुवारी २०२४

चि. रामदास यास,
पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

वचन पाळलंस आणि सांगितलंसही. गावच्या शाळेत गुरुजी तुला भोळा म्हणायचे, ते गुरुजीच भोळे.

अंगावरच्या कपड्यांनिशी, पाणी आधी डोक्यावर, साबण नाही. एवढं वाचलं आणि पत्र मांडीवर ठेवून मी बसून राहिले. अशी आंघोळ माणूस एकाच वेळी करतो. आपल्यातलं कोणी गेल्याची बातमी कानावर आली की. फळीचा आडोसा होता म्हणून कोणाला दिसलं नाही. चाळीतल्या एका जरी बाईने बघितलं असतं, तरी तिने तिथेच विचारलं असतं की दगडूभाऊ, कोण गेलं?

मग मी तशीच उठून शामरावदादांकडे गेले. कान नाही म्हणून त्यांना ओरडून बोलायला लावलं, त्यामुळे अर्ध्या वाडीने ऐकलं. रखमाआजी सकाळी गेली. दादा चालत राजापूरला गेले आणि तिथून त्यांनी शेठच्या दुकानात फोन लावला. शेठने खालून हाक मारून काकांना बोलावलं. काकांनी ऐकलं आणि दादांना सांगितलं की आता कोणाला कळवू नको, कार्डही उद्याचं लग्न लागल्यावर टाक. उद्या मुलगी बोहल्यावर चढते आहे. म्हणजे सहज गेलो होतो, ते हे सहज. आणि फोन आल्याचं ठाऊक असलेला दुसरा माणूस एकच, शेठ. ते दिवेलागणीच्या आत मेलेले.

मी दादांना म्हटलं की चौतीस वर्षं अंगणापलीकडे राहता आणि बोलला नाहीत? तर म्हणतात कसे, मला वाटलं तुला ठाऊकच असेल. पुरुषांना काय वाटेल ते वाटतं.

काकांनी पोलिसांना खरं सांगितलं असतं तर त्याच घडीला सुटले असते. पण पोलीस खात्री करायला घरीच आले असते, बाबांना कळलं असतं आणि मांडव उतरला असता. म्हणून माणूस उकडत होतं म्हणत राहिला. आणि माझ्या हळदीच्या बोटाला हात कसा लावणार? त्यांना सुतक होतं रे! मी मूर्ख, इतकी वर्षं तो हात मनात धरून बसले. कालपासून मी एकटीच हसते आणि एकटीच डोळे पुसते. हे विचारतात की यंत्र कानात घातलंस का, काय ऐकू आलं?

लग्न झालं, खुनी सापडला, तरीही का बोलले नाहीत, तेही मला कळतं. माझ्या पहिल्या बाळामुळे. त्याचं मी त्यांनाच लिहिते. सोबतचं पत्र त्यांना दे. वाचता आलं नाही तर वाचून दाखव, पण आवाज चढवून दाखव, ते पेपर उलटा धरतात.

तुझ्यावर आज नेहमीपेक्षा जास्त जीव आहे. फार दिवस टिकेल असं समजू नकोस.

आक्का


(सोबतचं पत्र)

।। श्री ।।

ती. दगडूकाकांस,
कौसूचा शि. सा. नमस्कार.

रामदासने मला काही सांगितलं नाही. मी ओळखलं आणि शामरावदादांनी कबूल केलं. तेव्हा रामदासला बोलू नका.

काका, माझं पहिलं बाळ गेलं ते वहाळाला पाणी होतं आणि डॉक्टर पलीकडे होता म्हणून. तिथे आता पूल झाला आहे आणि त्या पावसानंतर आमच्या वाडीतलं एकही बाळ तसं गेलेलं नाही. सुतकाचा दोष असता तर तो पुलाने कसा फिटला असता? तुम्हाला वाटलं असेल की कौसूला कळलं तर ती म्हणेल, काकांनी जाणूनबुजून सुतकात लग्न लावलं आणि माझं बाळ गेलं. मी म्हणत नाही. ह्या देवासमोर बसून लिहिते, म्हणत नाही. त्याच लग्नाची प्रिती आहे, आणि तिची पोर आत्ता माझ्या पाठीवर बसून वेणी ओढते आहे. माझा संसार तुम्ही चौकीत बसून लावून दिलात.

आणि सुतक कळल्यावर लागतं, हे लहानपणी तुम्हीच सांगितलंत. आम्हाला कळलंच नव्हतं, मग आम्हाला कसलं?

त्या मुलीला सगळं सांगून टाका. चारचौघांत माझं नाव आलं तरी चालेल. सासूबाई आता नाहीत, आणि असत्या तर त्यांनाही मी तिकीट काढून नेलं असतं.

तुमची,
कौसू


।। श्री ।।

लालबाग, मुंबई
१० मार्च २०२४

ती. सौ. आक्कास,
रामदासचा नमस्कार, आणि या खेपेला काकांचे आशीर्वाद आधी. वि. वि.

तुझं पत्र त्यांना दिलं. त्यांनी ते स्वतः वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. पुलाशी आले की थांबत. मग ललिताला म्हणाले की चहा टाक आणि त्या पोरीला बोलावून घे.

मेघना आली. काका दीड तास बोलले. आजवर असं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. म्हणाले की ज्याला कळलं त्याला सुतक. कळलं मला एकट्याला, तेव्हा मी एकट्याने धरलं. पण आंघोळ करून बाहेर आल्यावर त्यांना घाम फुटला. उद्या लग्नाला जायचं नाही, मंगलकार्याला शिवायचं नाही, आणि नवरीच्या सख्ख्या चुलत्याने न जायला कारण काय सांगायचं? ताप आला म्हणावं तर आईने येऊन कपाळाला हात लावला असता. गावी निघालो म्हणावं तर बाबांनी पाय मोडला असता. गॅलरीत उभं राहून त्यांनी देवाला म्हटलं की बाबा रे, मला इथून कसाही उचल. आणि दिवेलागणीला पोलीस आले.

मेघनाला ते खरंच वाटेना. तिने विचारलं की तुम्ही घाबरला नाहीत? काका म्हणाले की पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. सुतकात जमिनीवर निजायचं असतं, तिथे सगळेच जमिनीवर. आळणी खायचं असतं, तिथल्या आमटीत मीठ कधी नव्हतंच. पूजा करायची नसते, देव्हारा जवळ नव्हताच. सुतक पाळायला याहून सोयीची जागा अख्ख्या मुंबईत मिळाली नसती. दुसऱ्या दिवशी एका हवालदाराने सांगितलं की तुझ्या पुतणीचं लग्न लागलं, वाजंत्री ऐकून आलो. तेव्हा मात्र ते रडले. हवालदाराला वाटलं की आता गुन्हा कबूल करणार. तो कागद घेऊन बसला आणि हे म्हणाले की थोडं पाणी असेल तर द्या.

भागीदार सापडल्यावर ते सुटून आले, आणि कार्ड आलं त्यांच्या मागोमाग. सगळ्यांबरोबर नव्याने कळल्यासारखं तोंड करून पुन्हा एकदा आंघोळ केली. हे सांगताना ते इतके हसले की ललिताला त्यांची पाठ चोळावी लागली.

मेघनाने लिहायचं बंद केलं होतं. जाताना त्यांच्या पाया पडली.

दिग्दर्शक आधी तयार नव्हता. म्हणाला की बाहेरच्या लोकांना सुतक कसं कळणार. मेघना त्याच्याशी आपल्या गॅलरीतच भांडली, सगळी चाळ ऐकत होती. ती म्हणाली की मरण आणि लग्न एका घरात एकाच दिवशी आलं, हे कोणाला कळत नाही? शेवटी ऐकलं त्याने. शेवटचे प्रसंग सगळे बदलले. आता सिनेमा संशयातच चालतो, खुनी सापडतो, आणि त्यानंतर तो टेलिफोन वाजतो. चुलता फोनवर काय ऐकतो आणि काय बोलतो ते प्रेक्षकाला तेव्हा कळतं. विनीतने आंघोळ पुन्हा केली. कपड्यांनिशी, मागे न बघता. या वेळी युनिटमधलं कोणी हसलं नाही. काका म्हणाले की आता बरोबर आहे.

लग्नाचा प्रसंग चौकात मांडव घालून परवा घेतला. नवरीचं काम करणारी मुलगी अंधेरीची, पण नऊवारीत थेट तू दिसत होतीस, फक्त तुझ्यासारखी चिडकी नाही. गर्दीला माणसं हवी होती म्हणून आम्हालाही उभं केलं. दिग्दर्शक काकांना म्हणाला की तुम्ही मात्र नको, कथेत त्या वेळी तुम्ही चौकीत आहात. काका हो म्हणाले, घरी गेले, इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून आले आणि येऊन पहिल्या रांगेत उभे राहिले. मेघनाने दिग्दर्शकाच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने काकांकडे पाहिलं आणि म्हणाला की राहू दे, म्हातारपणी ओळखू येणार नाहीत.

तालमीला सगळ्यांना रिकाम्या हातांनी अक्षता टाकल्यासारखं करायला सांगत होते. काकांनी ऐकलं नाही. अक्षतांचं नाटक करायचं नसतं म्हणाले. घरून अखंड तांदूळ निवडून, कुंकू लावून खिशात भरून आणले होते. दरवेळी मंगलाष्टक झालं की ते खरे तांदूळ टाकत. प्रसंग कितीतरी वेळा घेतला, पण त्यांचा हात एकदाही लवकर पडला नाही की उशिरा पडला नाही. संपल्यावर दिवे विझले, माणसं पांगली, काका मात्र पुढे गेले आणि त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. ती बिचारी काही न समजता वाकून पाया पडली. तिने विचारलं की काका, तुमच्या मुलीचं लग्न आठवलं का? ते म्हणाले की आठवायला मी होतो कुठे, आत्ताच तर बघितलं.

खिशातले सगळे त्यांनी तिथे टाकले नाहीत. घरी आल्यावर मूठभर काढून माझ्यासमोर कागदावर ठेवले आणि पत्र लिहायला बसवलं. पाकिटाच्या तळाशी तांदूळ लागतील, किडे समजून झटकू नकोस. काका म्हणतात की तुझ्या आणि भावोजींच्या डोक्यावर टाकायचे आहेत, दोघांनी पूर्वेकडे तोंड करून बसायचं, आणि टाकायला प्रितीच्या पोरीला सांग.

तुझा,
रामदास